थिबाच्या गावी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याची मला सवय नाही. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला खरा, पण समोर पाचवीची मुले असली म्हणजे एखादी नदी इकडची तिकडे गेली तरी खपून जाते. येथे समोर माझ्याच दोन मुख्याध्यापिका बसल्या आहेत. कार्यवाहबाईंनी मला अभय दिले आहे की, "तुम्ही मंडालेला जाऊन आलात तेवढेच सांगा, तयारी कसली करता!" म्हणून उभी राहिले. परंतु तेवढेच सांगायचे तर मला एक गोष्ट कबूल करावी लागणार आहे. ती मी घरीही फार कोणाला सांगितलेली नाही. ती ओघात येईल.

मंडाले हे नाव आपल्या रत्नागिरीकरांना नवे नाही. टिळक आळीतल्या घरात १८५६ साली जन्मलेले बाळ पुढे मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे राहिले, आणि मंडालेच्या राजवाड्यात वाढलेला थिबा राजा आपल्या गावात तीस वर्षे राहून येथेच मातीला मिळाला. जणू इंग्रजांनी दोन गावांत माणसांची अदलाबदल केली. त्यातही पाहा, १९१० साली आपल्याकडे थिबाचा वाडा बांधून पुरा झाला आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तिकडे टिळकांनी गीतारहस्य लिहायला घेतले. दोघेही बंदीच, एकाला वाडा, एकाला लाकडी कोठडी.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्याजवळ गीतारहस्याची जुनी प्रत होती, तिला ते दरवर्षी नवे खाकी कव्हर घालीत. "एकदा मंडालेला जायचे आहे" असे ते म्हणायचे, पण ते आपण 'काशीला जायचे आहे' म्हणतो तसे. गेले नाहीत, जाणे शक्यही नव्हते. ते वारल्यावर प्रत माझ्याकडे आली. आमचे 'हे' निवृत्त झाले, मुलांची लग्ने झाली, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये आम्ही दोघे निघालो. कोलकात्याहून विमानाने यांगून, म्हणजे आपले जुने रंगून, आणि तेथून रात्रभराच्या बसने मंडाले. पिशवीत गीतारहस्य, मेतकूट आणि यांच्या गुडघ्याचे तेल.

उजाडताना बसमधून उतरलो तर थंडी चांगलीच होती. मंडाले फार जुने शहर असेल अशी माझी समजूत होती. तसे ते नाही. मिंडन राजाने १८५७ साली आपली राजधानी जवळच्या अमरपुऱ्याहून हलवून हे शहर वसवले. म्हणजे आपल्याकडे सत्तावन सालचे बंड चालले होते तेव्हा तिकडे रस्ते आखले जात होते. रस्ते पाटीवर पट्टीने रेघा माराव्यात तसे सरळ आहेत आणि त्यांना नावांऐवजी बहुधा आकडेच आहेत. पत्ता शोधणे सोपे. मात्र मोटारसायकली इतक्या की रस्ता ओलांडताना मी यांचा हात चारचौघांत धरला, तो लग्नानंतर पहिल्यांदाच.

आम्हांला तीन दिवस दाखवायला एक मुलगी मिळाली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, इंग्रजी चांगले, हिंदी सिनेमातले थोडे. गालांवर पिवळसर लेप. ती मला पहिल्या क्षणापासून 'दॉ' म्हणू लागली. दॉ म्हणजे मावशी, आत्या. मोठ्या बाईला आदराने म्हणतात. तो लेप म्हणजे थनाका. एका झाडाची साल गोल दगडी सहाणेवर पाणी घालून उगाळतात, अगदी आपण देवाचे गंध उगाळतो तशी, आणि तोंडाला लावतात. उन्हाचा त्रास होत नाही, कातडी थंड राहते. लहान मुले, भाजीवाल्या, बँकेतल्या बाया, सगळ्यांच्या गालांवर तो. तिच्या आईची सहाण मी नंतर पाहिली. मधोमध खळगा पडला होता, माझ्या सासूबाईंच्या सहाणेला पडला होता तसाच.

त्या देशात आडनाव नाही. लग्न झाल्यावर बाईचे नाव बदलत नाही, बापाचे की नवऱ्याचे लावायचे हा प्रश्नच नाही. माणूस कोणत्या वारी जन्मला त्यावरून नावाचे अक्षर पुष्कळदा ठरते. हे ऐकून मी तिला म्हटले, "माझी रेशनकार्डावर, बँकेत आणि शाळेच्या दाखल्यावर तीन वेगवेगळी नावे आहेत." ती इतकी हसली की तिला सायकलरिक्षाला टेकावे लागले.

पहिल्या दिवशी किल्ला. त्याची एकेक बाजू सुमारे दोन किलोमीटर आहे, म्हणजे भोवती फेरी मारायची तर आठ किलोमीटर होतात. विटांचा लाल तट, प्रत्येक बाजूला तीन याप्रमाणे बारा दरवाजे, आणि भोवती पाण्याचा इतका रुंद खंदक की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. पहाटे त्या पाण्यात तटावरचे लाकडी मनोरे उलटे दिसतात. आत आता बहुतेक सगळा भाग लष्कराचा आहे. परक्या माणसाला फक्त पूर्वेच्या दरवाजाने आत सोडतात आणि सरळ रस्त्याने राजवाड्यापर्यंत जाऊ देतात. उजवीडावीकडे वळायचे नाही.

राजवाडा पाहून माझी थोडी निराशा झाली. जुना वाडा सगळा सागाचा होता. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौज किल्ल्यात होती, इंग्रजांच्या हिंदी पलटणी बाहेर. त्या लढाईत मार्च १९४५ मध्ये वाडा जळून गेला. वाचले ते टांकसाळ आणि एक टेहळणीचा मनोरा, एवढेच. आता दिसतो तो १९९० नंतरच्या काळात पुन्हा उभारलेला. लाल रंग, सोनेरी नक्षी, पण छपराकडे नीट पाहिले तर पत्रा दिसतो. आत एका दालनात राजाराणीचे पुतळे मांडले आहेत. थिबा आणि राणी सुपयालत. आम्ही त्यांच्यापुढे उभे होतो तेव्हा त्या मुलीने विचारले, "दॉ, तुम्ही हिंदुस्थानात कोणत्या गावच्या?"

मी म्हटले, रत्नागिरी.

तिला काही कळले नाही. मी पुन्हा सांगितले. मग एकाएकी तिचा चेहरा बदलला. "यादानागिरी?" तिच्या भाषेत 'र'चा 'य' होतो, रंगूनचे यांगून झाले तसा. "यादानागिरी! आमच्या राजाला नेले ते?" तिने माझा हात धरला. जवळच दोन म्हाताऱ्या बाया होत्या, त्यांना तिने बर्मीत काही सांगितले. त्या दोघी माझ्याकडे टक लावून पाहू लागल्या. मग तिने विचारले, "राजाची कबर कशी आहे? तिथे कोणी फुले वाहते का?"

भगिनींनो, हीच ती गोष्ट. मी रत्नागिरीत जन्मले, रत्नागिरीत वाढले, सासरही रत्नागिरीतच. थिबा पॅलेस मी हजार वेळा पाहिला असेल. दरवर्षी मुलांची सहल नेली. थिबा पॉइंटवर सूर्यास्त पाहिला, भेळ खाल्ली. पण थिबाची कबर मी एकदाही पाहिली नव्हती. ती कोणत्या रस्त्याला आहे हेही मला नक्की सांगता आले नसते. आणि मी त्या मुलीच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "हो, चांगली आहे. लोक येतात. फुले वाहतात."

यांनी माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत.

त्यानंतर वाड्यातले काही मला धड दिसले नाही. बाहेर आल्यावर मी तिला टिळकांच्या तुरुंगाबद्दल विचारले. तो तुरुंग याच किल्ल्याच्या आवारात होता. टिळकांच्या आधी १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि नंतर १९२५ मध्ये सुभाषबाबू, सगळ्यांना इथेच आणून ठेवले. ती लाकडी इमारत आता नाही. निदान जागा लांबून दिसावी म्हणून मी त्या सरळ रस्त्यावर जरा वळू पाहिले, तर पहाऱ्यावरच्या शिपायाने हात आडवा केला. पोरगेलासा होता, उद्धट नव्हता. नुसती मान हलवली.

मग आम्ही पूर्वेच्या दरवाजाबाहेर खंदकाच्या काठी झाडाखाली बसलो आणि मी वडिलांची प्रत उघडून अर्धे पान वाचले. मोठ्याने नव्हे. हे चहा शोधायला गेले होते. वाचताना माझ्या मनात गीतेपेक्षा सत्यभामाबाईच येत होत्या. टिळक येथे पेन्सिलीने पाने भरीत होते आणि त्या पुण्यात होत्या. जून १९१२ मध्ये त्या गेल्या. तार मंडालेला आली. सुटका व्हायला अजून दोन वर्षे होती. टिळक १९१४ च्या जूनमध्ये घरी परतले, पुढच्या वर्षी ग्रंथ निघाला, आपण सर्वांनी तो पाहिला आहे. पण त्या सहा वर्षांतल्या त्यांच्या घराबद्दल आपण शाळेत एक ओळ तरी शिकवली का? मी तरी शिकवली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला महामुनीच्या दर्शनाला गेलो. महामुनी ही बुद्धाची मोठी मूर्ती, १७८४ साली आराकान जिंकून तेथून आणलेली. रोज पहाटे तिचे तोंड धुतात. मुख्य भिक्षू सुगंधी पाण्याने चेहरा पुसतो, दात घासल्यासारखे करतो, आणि लोकांनी आणून दिलेल्या स्वच्छ पंचांनी एकामागून एक टिपतो. मला आपली काकडआरती आठवली. चेहरा आरशासारखा लखलखतो. बाकी अंग मात्र ओबडधोबड झाले आहे, कारण भाविक रोज सोन्याचा वर्ख चिकटवतात आणि आजवर त्याचा थर सहा इंचांच्या आसपास गेला आहे.

वर्ख चिकटवायला चौथऱ्यावर चढावे लागते आणि तेथे पुरुषांनाच जाऊ देतात. बायका पुढच्या मंडपात सतरंजीवर बसून पाहतात. वर्ख बाई विकत घेते, चिकटवतो तिचा भाऊ किंवा नवरा. आमच्याकडून हे गेले. गुडघ्याची तक्रार विसरून टणाटण चढले आणि वरून माझ्याकडे पाहून हात हलवला. मला राग यायला हवा होता, पण त्यांचे बोट सोनेरी झालेले पाहून हसूच आले. मी त्या मुलीला विचारले, "तुला याचे काही वाटत नाही का?" ती म्हणाली, "वाटते. पण दॉ, वर्ख कोण करते ते तुम्हांला दाखवते, चला."

तेथून तिने आम्हांला वर्ख करणाऱ्यांच्या आळीत नेले. मला विचाराल तर सगळ्या मंडालेत पाहण्यासारखी जागा ती. उघडी अंगे, घामाने निथळलेली तरुण मुले लांब दांड्याचे जड हातोडे घेऊन चामड्यात बांधलेल्या पुडक्यावर घाव घालीत असतात. पुडक्यात बांबूच्या कागदांमध्ये सोन्याचे तुकडे. शेवटच्या फेरीला पाच पाच तास ठोकावे लागते. आणि वेळ कशाने मोजतात? पाण्याच्या भांड्यात नारळाची करवंटी सोडलेली, तिला बारीक भोक. करवंटी भरली की बुडते. अहो, हे तर आपले घटिकापात्र! माझ्या लग्नात भटजींनी असेच घंगाळात ठेवले होते आणि घटिका बुडेपर्यंत मी अंतरपाटामागे उभी होते. मी यांना कोपराने ढोसून दाखवले. यांना आठवत नव्हते.

ठोकण्याचे काम पुरुषांचे. मग ते सोने आतल्या खोलीत जाते. तिथे सगळ्या बायका. दारे-खिडक्या बंद, पंखा नाही, कारण वर्ख इतका पातळ की श्वासाने उडतो. त्या उकाड्यात मुली जमिनीवर बसून तो कापतात, चौकोन जुळवतात, कागदात ठेवून पुड्या बांधतात. बोलतात तेही हळू. आमच्या मुलीची आई येथेच काम करीत असे. जो वर्ख त्या पुड्यांत बांधतात, तो मूर्तीला लावायला मात्र त्यांना पुरुषाच्या हाती द्यावा लागतो. मुलीने यावर टीका केली नाही, मीही केली नाही. आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचे दार बायकांना २०१६ साली उघडले, तेही आपोआप नव्हे, हे तिला सांगितले. तिने ते लक्षपूर्वक ऐकले.

अमरपुऱ्याचा रेशमी माग आणि तेथला सागवानी पूल यांबद्दल थोडक्यात सांगते. त्या मागावर दोन मुली शेजारी शेजारी बसून लाटांसारखी नक्षी विणतात. त्या कापडाच्या नावातच शंभर धोटे आहेत आणि खरोखरच शंभरावर कांड्या समोर लोंबत असतात. पैठणीचा पदर विणताना पाहिला असेल त्यांना लगेच कळेल. किंमत ऐकून मी हात मागे घेतला, त्या बाबतीतही ती पैठणीच. पूल १८५० च्या सुमाराचा, सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर लांब, सोडून दिलेल्या राजवाड्याच्या लाकडांतून बांधलेला. त्याला कठडा नाही. मी मधूनच परत फिरले.

तिसऱ्या दिवशी नदीपलीकडे आव्याला, म्हणजे आताच्या इन्वाला, टांग्याने गेलो. तेथे विटांचा एक प्रचंड मठ होता. तो मे नू नावाच्या राणीने बांधवला. भूकंपाने पडला तो तिच्या मुलीने, सिन्ब्यूमाशिनने, १८७३ साली पुन्हा उभा केला. ही सिन्ब्यूमाशिन म्हणजे मिंडन राजाची मातब्बर राणी, आणि तिचीच मुलगी सुपयालत. म्हणजे आजीने बांधले, आईने डागडुजी केली, आणि नात आपल्या रत्नागिरीत येऊन पडली. अर्थात या बायका काही गरीब गाई नव्हत्या. थिबाला गादी मिळावी म्हणून सिन्ब्यूमाशिनने सूत्रे हलवली आणि १८७९ साली राजघराण्यातल्या कितीतरी माणसांची कत्तल झाली. हे सोयीचे नाही, पण न सांगणे बरोबर नाही.

पुढे इंग्रजांनी २९ नोव्हेंबर १८८५ रोजी थिबा आणि राणीला वाड्यातून बाहेर काढले, बैलगाडीत बसवून नदीवर नेले आणि आगबोटीत चढवले. मद्रासला काही महिने ठेवून १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. मंडाले सोडताना राजा सत्तावीस वर्षांचाही नव्हता. धाकट्या दोन राजकन्या हिंदुस्थानातच जन्मल्या. माझ्या आजीने परकराच्या वयात राणीला गाडीतून जाताना पाहिले होते. ती म्हणायची, "राणी कसली, माहेर नाही तिला." थिबा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. राणीला १९१९ मध्ये ब्रह्मदेशात जाऊ दिले, पण रंगूनपर्यंतच, मंडालेला नाही. १९२५ साली ती रंगूनलाच वारली. आजीचे म्हणणे शेवटपर्यंत खरे ठरले. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली. तिची मुलगी टुटू मराठी बोलत, मराठी माणसाशी संसार करून इथेच राहिली, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना माहीत आहेच.

हे सगळे मी त्या मठाच्या पायरीवर बसून त्या मुलीला सांगितले. टुटूची हकीकत तिला ठाऊक नव्हती. राजाची नात गोवऱ्या थापीत असे, हे ऐकून ती पुष्कळ वेळ गप्प राहिली.

संध्याकाळी कुथोडॉ. मिंडन राजाला भीती वाटली की खालचा ब्रह्मदेश इंग्रजांनी घेतला तसा वरचाही जाईल आणि धर्मग्रंथ नष्ट होतील. म्हणून त्याने सगळे त्रिपिटक संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. काम १८६० साली सुरू झाले, १८६८ मध्ये संपले. ७२९ उंच शिळा, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, आणि प्रत्येकीवर छोटे पांढरे देऊळ. अक्षरांत सोने भरले होते. १८८५ नंतर ते सोने लुटले गेले. आता काळी शाई भरली आहे. त्या पांढऱ्या देवळांच्या रांगांतून अनवाणी चालताना मला एक ओळखीचा वास आला. वर पाहिले तर बकुळ! आपली बकुळ, चांगली जुनी झाडे. खाली पोरी फुलांच्या माळा विकत बसलेल्या. मी एक माळ घेतली आणि मला रडू आले. का ते तेव्हा कळले नाही, किंवा कळले तरी कबूल केले नाही.

जवळच श्वेनान्डॉ हा सागवानी मठ आहे. तो मुळात राजवाड्यातला महाल. त्यात १८७८ साली मिंडन वारला, म्हणून थिबाने १८८० मध्ये तो उचकटून किल्ल्याबाहेर नेऊन मठ केला. वाडा जळला, हा वाचला. बाप गेला त्या जागेत राहायला नको वाटले म्हणून मुलाने जे घराबाहेर काढले, तेवढेच त्याच्या घराचे शिल्लक राहिले.

निघताना त्या मुलीने माझ्या हातात वर्खाची लहानशी पुडी ठेवली. तिच्या आईने बांधलेली. म्हणाली, "दॉ, राजाच्या कबरीला लावा. तिथे बायकांना चालते ना?" मी म्हटले, चालते.

भगिनींनो, ती पुडी मी गीतारहस्यात ठेवली आणि कपाटात ठेवून दिली. जाऊ, जाऊ म्हणता सुनेचे बाळंतपण आले, मग २०२० साली कोरोना. तिकडे प्रवासी येणे बंद झाले, तिचे काम गेले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिकडे लष्कराने सत्ता हाती घेतली. तिचे निरोप आधी महिन्याला, मग सहा महिन्यांनी येऊ लागले. ती दर वेळी विचारी, मी दर वेळी काहीतरी कारण सांगे. खोटे एकदा बोलले की ते पोसावे लागते, त्याला आईबाप नसतात.

मग २८ मार्च २०२५. दुपारी मंडालेजवळ ७.७ प्रतीचा भूकंप झाला. तीन हजारांहून अधिक माणसे गेली. दूरचित्रवाणीवर मी किल्ल्याचा तट ढासळलेला पाहिला. आव्याचा मोठा पूल नदीत पडला. महामुनीच्या देवळाची पडझड झाली, मे नूचा मठ कोसळला. ज्या पायरीवर आम्ही बसलो होतो ती मी त्या ढिगाऱ्यात शोधीत होते. आपल्या लष्कराने मंडालेला इस्पितळ उभारले, त्याची चित्रे लागली की मी जवळ जाऊन प्रत्येक बाईचा चेहरा पाही. तिला निरोप पाठवला, उत्तर नाही. दुसरा पाठवला, नाही.

चौथ्या दिवशी मी कपाट उघडले, पुडी घेतली आणि एकटीच निघाले. रिक्षावाल्याने कबरीचा पत्ता मलाच विचारला. दोघांनी मिळून शोधली. राजा आणि धाकटी राणी यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. २०१२ साली ब्रह्मदेशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष येथे येऊन गेले होते. ते वाचल्याचे मला तेथे उभी राहिल्यावर आठवले. त्या दिवशी तेथे कोणी नव्हते. फुलेही नव्हती. मी पुडी उघडली, पहिले पान बोटावर घेतले, दगडाकडे नेले, आणि दुपारचा आपला समुद्राचा वारा! पान उडाले. दुसरे घेतले, तेही अर्धे उडाले, अर्धे माझ्या पदराला चिकटले. मग कळले त्या बायका बंद खोलीत का बसतात.

अकराव्या दिवशी उत्तर आले. ती आणि आई सुखरूप होत्या, घराची एक भिंत पडली होती, रात्री रस्त्यावर झोपत होत्या. तेव्हा मी तिला सगळे लिहिले. त्या दिवशी खोटे बोलले, कबर कधी पाहिलीच नव्हती, सहा वर्षे पुडी कपाटात होती, आणि दोन पाने वाऱ्यावर गेली. पाठवून दिल्यावर जेवण गेले नाही. रात्री उत्तर आले. आईला वाचून दाखवले म्हणाली. आईने निरोप दिला होता: पहाटे जावे, वारा पडलेला असतो, दगड आधी ओल्या फडक्याने पुसावा, आणि पान बोटाने उचलू नये, कागदासकट टेकवावे.

पुडीत अजून चार पाने आहेत. येत्या मंगळवारी पहाटे सहाला मी निघणार आहे. आमच्या परसातल्या बकुळीखाली रोज सडा पडतो, ज्यांना माळा करायच्या असतील त्यांनी सोमवारी संध्याकाळी घरी यावे. फडके मी घेते. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणा.